मास्तरीण आणि ती बूटवाली

सोमवार, ३ तारीख

ही वही नातीने दिली. तिच्या ऑफिसात फुकट मिळालेली, वर छापलेलं वर्ष मागचं, त्यामुळे वार जुळत नाहीत. मी खोडून माझे घालते. ती म्हणाली, "आजी, चार दिवस घरात सगळ्यांवर खेकसते आहेस. काय असेल ते यात लिही, आमचं डोकं नको खाऊ." मी तिसरी शिकलेली. अक्षर म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. तरी लिहिते, कारण जिच्याशी बोलायचं तिलाच सध्या ऐकायला वेळ नाही.

ती म्हणजे मास्तरीण. शाळेत शिकवलं नाही तिने कधी. मॅट्रिक झालेली आणि दिसेल त्याच्या चुका काढायची, म्हणून कारखान्यात हे नाव पडलं. शर्टांच्या कारखान्यात तिचं मशीन माझ्या शेजारी, सत्तावीस वर्षं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. आम्ही दोघींनी आमच्या इमारतीच्या जिन्याखालची खोली घेतली आणि दुरुस्तीचं काम सुरू केलं. त्याला आता तेरा वर्षं झाली. मी कापते आणि मशीन मारते. ती हातशिलाई, काजं, बटणं बघते आणि गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लिहिते. मला कात्री म्हणते. कापडामुळे म्हणत नाही, हे मला कळतं.

दुपारी चारला चहा. चहाबरोबर ती पेपरात रोज येणाऱ्या कादंबरीचं प्रकरण वाचून दाखवते. हा नेम कधी मोडला नाही. माझा नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही. तो गेला मंगळवारी, शुक्रवारी आम्ही प्रकरण वाचलं.

आणि गेल्या गुरुवारी ही बाई तीन वाजता उठली. "जरा जाऊन येते." मी खिडकीतून बघितलं. बसच्या थांब्यावर एक बाई उभी. पन्नाशीची असेल, केस पोरासारखे कापलेले, पायात पांढरेफेक बूट. तिने काहीतरी म्हटलं आणि आमची मास्तरीण तिचा दंड धरून चालू लागली. मी जिन्यात हात पुढे केला की झटकते. म्हणते, मी काय म्हातारी झाले?

परत आल्यावर विचारलं, "कोण गं ती?"

"ओळखीची."

"कुठली?"

"इथलीच."

चाळीस वर्षांत मला दोन शब्दांत उडवलं नव्हतं कोणी. मास्तरणीने तर नाहीच.

बुधवार, ५ तारीख

सकाळपासून तिचं काम बघते आहे. लक्ष नाही. स्टुलाला अडखळली. स्टूल तेरा वर्षं तिथेच आहे. कपबशी डाव्या बाजूला ठेवली तर कोपराने पाडली आणि वर मलाच म्हणते, "ठेवताना सांगत जा की." चहा ठेवल्याची आता दवंडी पिटू? सुई ओवायची झाली की माझ्यापुढे धरते. "तूच ओव, माझे हात कामात आहेत." हात मांडीवर होते.

दुपारी बटणवाला आला. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी, त्याने चार भोकांच्या बटणांत दोन भोकांची मिसळून दिली. मी म्हटलं, "बाबा, डोळे गेले की शिवणकामातल्या माणसाने खाटेवर पडावं आणि माशा मारायचा प्रयत्न करावा." तो बिचारा स्वतःच हसला. बाहेर इस्त्रीवाला हसला. मास्तरीण हसली नाही. बटणं बोटांनी चाचपत बसली, दोन भोकांची वेगळी काढत. पटापट काढली सगळी, मान वर न करता.

तिला हल्ली माझे विनोद कळत नाहीत. बूटवालीचे कळत असतील.

गुरुवार, ६ तारीख

आज माझा जाहीर अपमान झाला.

मी औषधाच्या दुकानातून येत होते. समोरून त्या दोघी. मास्तरीण भिंतीच्या कडेने, बूटवाली तिच्या एक पाऊल पुढे. मी हात केला. मोठा केला, टॅक्सी थांबवतात तसा. बूटवालीने बघितलं. मास्तरीण माझ्यापासून चार हातांवरून सरळ निघून गेली. मान वळवली नाही, डोळा हलवला नाही. राणी चालली होती जशी.

संध्याकाळी म्हटलं, "रस्त्यात ओळख द्यायला लाज वाटते का आता?"

"कधी? कुठे?" चेहरा असा केला की जणू खरंच माहीत नाही. नाटकात जायला हवं होतं हिने.

सून म्हणाली, "आई, नसेल दिसलं त्यांना." सून भोळी आहे. मी पिवळ्या कपड्यांत होते, हातात एवढी मोठी पिशवी. मी न दिसायला काय सुई आहे?

मंगळवार, ११ तारीख

एक गोष्ट मात्र कबूल करते. कादंबरी आता रंगात आली आहे. आधी रडकी होती. विधवा बाई, दुष्ट दीर, सारखे दवाखाने. मला वाटायचं मरेल एकदाची. गेल्या दोन-तीन आठवड्यांत लेखकाला काय झालं कोण जाणे, बाईला अक्कल आली. तिने दिराला घराबाहेर काढलं, टोप्या शिवायचं दुकान टाकलं, आणि आज तर दुकानात एक उंच गिऱ्हाईक आलं, त्याला सात प्रकारच्या टोप्या दाखवून सातव्यांदा नाही म्हणायला लावलं. मी हसून हसून चहा सांडला.

एकच. पूर्वी ती वाचताना दोनदा पान उलटायची. आता एका पानावरच सगळं उरकतं. पेपरवाले अक्षर बारीक करत असतील. एवढं एका पानावर मावतं हे मला माहीत नव्हतं.

आज वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून हसली. जुन्यासारखी. मला वाटलं, आता सांगेल बूटवालीचं. नाही सांगितलं. मीही नाही विचारलं. मी काय दारोदार माहिती मागत फिरते?

गुरुवार, १३ तारीख

खिडकीतून बघितलं ते लिहिते. थांब्यावर बूटवाली घड्याळ धरून उभी आणि मास्तरीण डोळे गच्च मिटून फुटपाथवर चालत होती. ओठ हलत होते, पावलं मोजत असावी. खांबाशी पोचली, हाताने खांब थोपटला, डोळे उघडले आणि दोघी टाळ्या देऊन हसल्या. सदुसष्ट वय आहे तिचं. आंधळी कोशिंबीर खेळते भर रस्त्यात. येणारेजाणारे वळून बघत होते.

माझ्याबरोबर बागेत चल म्हटलं तर गुडघे दुखतात.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. मुलगा मोबाईलमध्ये, त्याला काय. नात म्हणाली, "आजी, तुझ्या पोटात दुखतंय."

"माझं पोट मशीनसारखं चालतं."

"मग त्या बाईचे बूट किती नंबरचे ते तुला कसं माहीत?"

मी ताट उचललं आणि उठले. पाच नंबरचे आहेत. दिसतातच.

शुक्रवार, १४ तारीख

आज मास्तरीण आली नाही, दवाखान्यात जायचं म्हणाली. बूटवालीबरोबर असेल, दुसरं काय. मी म्हटलं, बरं झालं. वकीलबाईंनी सहा काळे डगले दिले आहेत, त्यांच्या कचेरीत नवीन वकील लागले त्यांचे. खालच्या कडा आणि पुढची पट्टी हातशिलाईने हवी, मशीनची नको. हे मास्तरणीचं काम. तिच्यासाठी मांडून ठेवावं म्हणून तिचा दोऱ्यांचा डबा उघडला.

काय अवतार! प्रत्येक रिळाच्या दोऱ्याच्या टोकाला गाठी. एकाला एक, एकाला दोन, एकाला तीन, एकाला तर पाच. आळशीपणा. चाळीस वर्षं काम करणाऱ्या बाईने दोऱ्याला गाठी राहू द्यायच्या? हिचं मन कुठे असतं हे दोरासुद्धा सांगतो. मी कात्री घेतली आणि एकूणएक गाठी छाटल्या. मग रिळं काढून डबा पुसला आणि नीट लावला, माझ्या पद्धतीने. जाड दोरे वर, बारीक खाली. सगळं चकचकीत.

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर असंही वाटलं की बघू दे तिला, तिच्या मागे कोण राबतं ते. बूटवाली येणार नाही तिचा डबा पुसायला.

मंगळवार, १८ तारीख

पेन दाबून दाबून कागद फाटला. रागाने.

मास्तरीण शनिवारी आणि सोमवारी बसून सहाही डगले करून गेली. मी दुसऱ्या कामात होते, बघितले नाहीत. तिचं काम मी कधीच बघत नाही. आज सकाळी वकीलबाई आल्या, एक डगला घेऊन बाहेर उजेडात गेल्या आणि तशाच परत आल्या. "आजी, हे काय? आम्ही कोर्टात जाणार, बँडात वाजवायला नाही."

काळ्या डगल्यांना लाल दोरा. गडद लाल, पण लालच. खोलीतल्या दिव्याखाली कळत नाही, उन्हात निखारे. खालून, पुढून, सगळीकडे. सहाच्या सहा. आणि टाके काय सुंदर! एकसारखे, मोत्यासारखे. त्यामुळे जास्तच दिसतात.

मी वकीलबाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. दोन आठवड्यांत उसवून परत करून देते म्हटलं. त्या गेल्या आणि मी मास्तरणीकडे वळले.

"डोळे कुठे होते तुझे?"

ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. एक रीळ उचलायची, टोक चाचपायची, खाली ठेवायची. दुसरं. तिसरं. म्हणाली, "गाठी कुठे गेल्या?"

"छाटल्या मी! घाण काढली तुझी. गाठी कसल्या विचारतेस, सहा डगले गेले! लक्ष सगळं त्या बूटवालीकडे. तिच्याबरोबर लंगडी खेळ, फुगडी खेळ, पण मग इथे येऊन सुई धरू नकोस. कामाचे डोळे घरी ठेवून येतेस आणि चेष्टेचे घेऊन येतेस!"

अजून बरंच बोलले. बटणवाल्याला म्हटलेलं, खाट आणि माशा, तेही पुन्हा म्हटलं. माझी जीभ एकदा सुटली की मला पकडता येत नाही.

तिने हातातलं रीळ आत टाकलं. डबा झाकला. टेबलाच्या कडेला हात लावत लावत दारापर्यंत गेली. दारात म्हणाली, "तिला मी हे सगळं पहिल्याच दिवशी सांगू शकले. तुला नाही सांगता आलं. का ते बघ."

काय सांगितलं? कसलं हे सगळं? असं कोड्यात बोलून जायचं आणि मग मी रात्रभर कुशी बदलायच्या. चारचा चहा मी एकटीने प्यायले. पेपर तसाच राहिला.

बुधवार, १९ तारीख

आली नाही.

दोन डगले उसवले.

गुरुवार, २० तारीख

आज मी जे केलं ते या वयाला शोभत नाही, म्हणून घरी सांगणार नाही. इथेच लिहिते.

तिचा पाठलाग केला. दर गुरुवारी त्या कुठे जातात ते बघायचंच ठरवलं. थांब्यावर दिसले असते, म्हणून एक थांबा मागे चालत गेले आणि तिथूनच बसमध्ये चढले. खिडकीजवळ बसले, पिशवी तोंडापुढे धरली. आमच्या थांब्यावर त्या दोघी होत्याच. बूटवाली मागच्या दाराने चढून मागेच उभी राहिली. मास्तरीण पुढच्या दाराने एकटी. आणि चढताना तिने पिशवीतून काहीतरी काढून झटकलं, ते खटाखट उलगडून लांब झालं.

पांढरी काठी.

मी बघत राहिले. शहरात जन्म गेला माझा, पांढऱ्या काठीचा अर्थ शेंबड्या पोराला कळतो. पण ती काठी तिच्या हातात होती आणि माझं डोकं म्हणत होतं, कुणाची तरी धरली असेल. कुणाची तरी घेऊन चालली असेल.

काठी टेकत, सीटच्या पाठी मोजत ती आली आणि माझ्याच शेजारी बसली. बस अर्धी रिकामी होती. माझा खांदा तिच्या खांद्याला लागला. मी पिशवी खाली घेतली, काय करणार. ती समोर बघत होती, सरळ, भिंतीतल्या भोकातून बघावं तसं. मी तिच्या बाजूला वीतभर अंतरावर, आणि मी नव्हतेच.

मला ते सगळं एकदम आठवलं. स्टूल. कपबशी. चार हातांवरून गेलेली राणी. गाठी. त्या तर मी माझ्या हाताने छाटल्या होत्या.

मागे बघितलं तर बूटवाली माझ्याकडेच बघत होती. ओळखलं होतं तिने. तिने बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली: मदत करू नका.

मेली मला शिकवते.

तेवढ्यात मास्तरीण वळून म्हणाली, "बाई, दवाखान्याचा थांबा आला की मला सांगाल का? मला बाजूचं दिसत नाही."

तुम्ही. सांगाल का. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मला "तुम्ही" आलं नव्हतं. आणि काय तो आवाज! मऊ, अदबीचा, साखरेत घोळलेला. माझ्याशी कधी अशी बोलली आहे? "कात्री, सरक." "कात्री, गप." ही आमची भाषा. आणि बसमधल्या कुठल्या कोण बाईला म्हणे, सांगाल का. मला त्या बाईचा इतका राग आला की ती मीच आहे हे क्षणभर विसरले.

तोंड उघडलं असतं तर ओळखलं असतं तिने. नाकातून म्हटलं, "हं."

"आभारी आहे हो," म्हणाली.

पाच थांबे आम्ही बसलो. ती शांत. मी घामाघूम. दवाखान्याचा थांबा आला तेव्हा मी तिच्या हातावर बोट टेकवलं. ती उठली. काठी टेकत दारापर्यंत गेली, पायरी चाचपली आणि उतरली. एकटी. बूटवाली मागून उतरली. उतरताना तिने मला अंगठा दाखवला, शाबासकीचा. मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

बस शेवटपर्यंत नेली मी. उतरायचं सुचलं नाही.

शुक्रवार, २१ तारीख

तिच्या घरी गेले. दोन गल्ल्या आणि मधला मोठा रस्ता. तिची एकुलती एक मुलगी दार उघडायला. मुलगी दुसऱ्या शहरात असते, सहसा वर्षातून एकदा उगवते. बॅगा भरायला आलेली दिसली.

"मावशी, आईला काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. कडेकडेने नजर गेली, मधली उरली आहे तेवढी. डॉक्टर म्हणाले, गेलेली येत नाही, आहे ती औषधाने टिकवायची. तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं तर," मी म्हटलं.

आतून मास्तरीण ओरडली, "खोटं बोलते ती!"

आत गेले. पलंगावर बसली होती, पाठ ताठ. मी समोर बसले. बाजूला नाही, समोर. मला वाटलं माफी मागावी. मला त्याची सवय नाही. मी म्हटलं, "चार डगले उसवून झाले."

"टाके तोडलेस की कापड?"

"टाके. इतके बारीक घालतेस, डोळे फुटतात उसवताना." बोलले आणि जीभ चावली.

ती हसायला लागली. पोट धरून हसली. मग म्हणाली, "आणि बसमध्ये काय गं ते, हं?"

"कसलं हं?"

"तुझं हं मी ओळखणार नाही? सत्तावीस वर्षं मशीनच्या आवाजातून ऐकलंय. शिवाय मशीनच्या तेलाचा वास. तेल लावून बसमध्ये दुसरं कोण बसतं?"

"मग तुम्ही-आम्ही कशाला केलंस मला?"

"तू अनोळखी होऊन बसलीस. मी कशाला ओळख दाखवू?"

मग सांगितलं तिने सगळं. सहा महिन्यांपूर्वी कळलं. मला सांगायचं रोज ठरवायची. मग मी काही ना काही बोलायचे. "बटणवाल्याला बोललीस त्या दिवशी सांगणारच होते," म्हणाली. डगल्यांच्या वेळी डब्यातल्या नेहमीच्या कोपऱ्यातलं रीळ काळंच समजून उचललं, गाठ चाचपली नाही. बूटवाली तिला दवाखान्यात भेटली. नजर गेलेल्यांना शहरात चालायला, बसने फिरायला शिकवणं हेच तिचं काम. "ती अनोळखी होती ना. तिला सांगायला सोपं गेलं. मी आधी कशी होते ते तिला माहीत नव्हतं."

हे मला टोचलं. अजून टोचतं आहे.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आई, पुरे आता. तू माझ्याकडे चल. तिथे तुला घराबाहेर पडायची गरजच नाही."

"तेच तर," मास्तरीण म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या आठवड्यात शनिवारी मास्तरीण घरापासून आमच्या खोलीपर्यंत एकटी येऊन दाखवणार, मधला मोठा रस्ता ओलांडून. मुलगी खोलीत बसून बघणार. आली नीट, तर मुलगी बॅगा घेऊन एकटी परत जाईल. नाही तर आई तिच्याबरोबर.

मी म्हटलं, "त्यात काय, मी रोज आणीन नेईन."

"तुमचं वय काय, मावशी?" मुलगी म्हणाली. "तुम्ही आजारी पडलात की आई घरात?"

आगाऊ आहे. पण बरोबर बोलली.

रविवार, २३ तारीख

नातीला म्हटलं, जुने पेपर काढ आणि कादंबरी वाच, मधली. तिने वाचली. ती विधवा महिन्यापूर्वीच मेली. दवाखान्यात. टोप्यांचं दुकान नाही, उंच गिऱ्हाईक नाही. आता सगळं त्या दिराच्या पस्तावण्यावर चाललं आहे.

"मग तू एवढे दिवस काय ऐकत होतीस?" नातीने विचारलं.

मी पेपरांची घडी घातली. संध्याकाळी एक नवा डबा घेतला. सगळ्या रिळांना गाठी मारल्या. तिचा हिशेब आधी तिला विचारून घेतला: काळ्याला एक, निळ्याला दोन, लालला पाच. "लाल सगळ्यात लांब ठेव," म्हणाली, "आता त्याच्यावर माझा विश्वास नाही."

मंगळवार, २५ तारीख

बूटवालीला भेटले. मुद्दाम. म्हटलं, "शिकवा मलाही. हिला कसं चालवायचं ते."

ती म्हणाली, "आजी, चालवायचं नसतं. त्यांनी तुमचं कोपर धरायचं, तुम्ही त्यांना नाही. तुम्ही अर्धं पाऊल पुढे."

केलं. मास्तरणीने माझं कोपर धरलं. मी तिला पकडूनच ठेवलं, तिच्या हातावर माझा दुसरा हात. "सोडा," बूटवाली म्हणाली. सोडला. पुन्हा धरला. "सोडा, आजी." चार वेळा. पायरी आली की सांगायचं, मी ओढत होते. मास्तरीण म्हणाली, "कात्री, मी बकरी आहे का?" बूटवालीबरोबर ती तरंगत चालते. मी डोळ्यांनी बघितलं, तिची बोटं तिथे नुसती टेकलेली असतात. माझ्या कोपरावर मात्र वळ उठले.

चांगली बाई आहे, हे लिहायला हरकत नाही. शिकवते छान, हसते छान. नसती चांगली तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं, "शनिवारी रस्ता ओलांडताना तुम्ही असणार ना मागे?"

"नाही. आणि तुम्हीही नाही. रस्त्यावर कुणाला तरी विचारायचं, आपण होऊन, स्पष्ट. त्यांचं कोपर मागायचं. शहरात एकट्याने राहायचं म्हणजे अनोळखी माणसाकडून नीट मदत घेता यायला हवी. त्यांना ते येतं की नाही, तेच तर बघायचं आहे."

म्हणजे कुणीही चालेल. रस्त्यावरचा कुणीही. फक्त मी सोडून.

शनिवार, २९ तारीख

मुलगी दहाला आली. मी खुर्ची दिली, ती खिडकीपाशी उभीच राहिली. मीही. आमचं दोघींचं बोलणं नाही. तिच्या हातात फोन, दर मिनिटाला वेळ बघायची.

दहा वाजून पाच मिनिटांनी पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी ती दिसली. निळे कपडे, काठी पुढे. कडेकडेने, नीट. फुटपाथवर कुणी सायकल लावली होती, काठी लागली, थांबली, वळसा घेतला. मुलीने श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी सोडलाच नव्हता.

मग मोठा रस्ता. कडेला येऊन उभी राहिली. गाड्या अशा चाललेल्या की मी डोळे असून बिचकते. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल. ती उभीच. माणसं तिच्या आजूबाजूने पळत होती. एक बाई गेली, एक म्हातारा गेला. ती तोंड उघडत होती, पण ते सगळे बाजूने जात होते, तिला दिसतच नव्हते. समोरून कुणी यायला हवं.

मुलगी म्हणाली, "मी जाते."

मी तिचं मनगट धरलं. का धरलं ते मला माहीत आहे. ती गेली असती तर संपलं असतं. पण माझे पाय दाराकडे वळले होते ते मी कुणाला सांगू? चाळीस वर्षं शेजारी बसलेली बाई रस्त्याच्या पलीकडे उभी, आणि मी गजांमागे. मला जायचं होतं. तिला माझी गरज आहे म्हणून नव्हे. माझ्याऐवजी दुसरं कुणी जाईल म्हणून.

"एक सिग्नल," मी म्हटलं. "एकच थांब."

समोरून एक माणूस आला. चाळिशीचा, टाय लावलेला, हातात फायली, घाईत. मास्तरणीने हात वर केला आणि काहीतरी विचारलं. तो थांबला. मागे वळला. आपलं कोपर पुढे केलं, आणि तिने धरलं.

नुसतं टेकवलं. बोटांनी. बूटवालीसारखं.

दोघं रस्ता ओलांडू लागले. मधोमध त्याने मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं, तिला काहीतरी म्हणाला, आणि ती खळखळून हसली. भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध. मग तो अलीकडे पोचवून, परत पलीकडे धावत गेला. माझ्या बाजूला मुलगी नाक पुसत होती. मी गज सोडले तेव्हा तळहातांवर रेघा उमटल्या होत्या.

मास्तरीण आत आली. खोलीच्या उंबऱ्याला काठी लावली. "किती वाजले?"

"सव्वादहा," मुलगी म्हणाली. मग फोन पिशवीत टाकत, "गाडी दोनची आहे माझी." माझी, म्हणाली. आईच्या गळ्यात पडली, आणि मलाही नमस्कार करून गेली. काही वाईट नाही ती.

मग खोलीत आम्ही दोघीच. सहा काळे डगले टेबलावर, पाच तिने घरी बसून पुरे केले होते, शेवटचा उरला होता. मी तिच्या पुढ्यात ठेवला. रीळ दिलं. तिने गाठ चाचपली. एक. सुई मी ओवून दिली.

मी ठरवलं होतं विचारायचं नाही. तिचे दहा टाके मोजले. मग विचारलं.

"कोण होता तो?"

"कोण जाणे. नाव नाही विचारलं."

"मग हसलीस कशाला त्याच्याशी?"

ती टाके घालत होती. "तो म्हणाला, समोरच्या खिडकीत एक म्हातारी दोन्ही हातांनी गज धरून उभी आहे, मघापासून आपल्याकडे रागाने बघते आहे. तुमची कोणी आहे का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, छे हो. असेल कुणीतरी."

असेल कुणीतरी! चाळीस वर्षं, आणि असेल कुणीतरी! मी कात्री टेबलावर आपटली. ती खाली मान घालून हसत होती, खांदे हलत होते, आणि टाका एकही वाकडा पडत नव्हता.

तो माणूस रोज सकाळी दहाच्या सुमाराला त्याच रस्त्याने कामाला जात असणार. सोमवारी कोपऱ्यावर उभी राहून त्याला गाठणार आहे. घाईत असला तरी थांबवीन. मी तिची कोण ते त्याला कळलंच पाहिजे.